गाडीला अपघात झाला तर: पहिल्या मिनिटापासून क्लेम हाती येईपर्यंत

अपघात झाला की पाच मिनिटांत गर्दी जमते, आणि गर्दीतला कोणीतरी वडीलधारा म्हणतोच, "जाऊ द्या आता, इथंच मिटवून टाका." त्याचा हेतू चांगला असतो. गाडीला नुसतं खरचटलं असेल, कुणाला लागलेलं नसेल, तर त्याचं ऐकायला हरकतही नाही. पण माणसाला जरा जरी मार बसला असेल, किंवा गाडीचं मोठं काम निघणार असेल, तर तोंडी मिटवलेलं प्रकरण पुढं फार जड जातं. "काही नाही झालं" म्हणत घरी गेलेल्या माणसाला डोक्याच्या आतला मार रात्री जाणवतो. चौथ्या दिवशी पोलीस दारात येतात आणि तुमच्याकडं दाखवायला ना फोटो असतो, ना ठाण्यातली नोंद, ना क्लेम नंबर.

म्हणून खाली प्रत्येक पायरीला काय करायचं आणि कशाची नोंद ठेवायची, हे दोन्ही दिलं आहे.

१. गाडी बंद करा, माणसं रस्त्याबाहेर काढा

चारही इंडिकेटर लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. गाडी सीएनजीवर असेल तर डिक्कीतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हातानं बंद करा. मग चालता येणाऱ्या सगळ्यांना डाव्या बाजूनं उतरवून रस्त्यापासून लांब, शेताच्या बाजूला उभं करा. गाडीमागं उभं राहून नुकसान बघत बसू नका. मागून येणारं वाहन आधी तिथंच धडकतं.

समृद्धी महामार्गावर ही काळजी दुप्पट घ्या. तिथं वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, म्हणजे गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. तिथं लोखंडी कठड्याच्या पलीकडं जाऊनच फोन करा.

लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीपासून दहा पावलांवर ठेवून काही उपयोग नाही. सोलापूर-धुळे किंवा तुळजापूर-लातूर-नांदेड अशा मोठ्या रस्त्यावर तो किमान १०० मीटर मागं हवा, म्हणजे साधारण १३० पावलं. गाडी वळणाच्या पुढं थांबली असेल तर रिफ्लेक्टर वळणाच्या अलीकडं ठेवा. रिफ्लेक्टर नसेल तर हिरव्या फांद्या टाका, पण निघताना त्या आठवणीनं उचला. रस्त्यावर ठेवलेल्या दगडांनी रात्री दुचाकीवाले पडतात, त्यामुळं दगड लावूच नका.

२. फोन

जखमी असेल तर पहिला फोन १०८ ला. पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, तिथून गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका मिळते.

जागा सांगताना "बीड रोडला" एवढ्यावर भागत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचा, जवळच्या फाट्याचं नाव सांगा आणि तुमचं तोंड कुठल्या गावाकडं होतं तेही सांगा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूनं आली तर वळायला बरंच पुढं जावं लागतं, आणि तेवढा वेळ हातचा जातो.

३. जखमींना हात लावताना

पाणी पाजू नका. आपल्याकडं जखमी दिसला की पहिला हात पाण्याच्या बाटलीकडं जातो. पण बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते पाणी जाऊ शकतं, आणि ऑपरेशन लागलं तर भूल देतानाही अडचण होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी, टॉवेल, गमछा जे असेल ते जखमेवर दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका. काच किंवा सळई आत रुतलेली असेल तर ती ओढू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला हलवू नका. गाडी पेट घेण्याचा किंवा दुसरं वाहन धडकण्याचा धोका असेल तेव्हाच बाहेर काढा, आणि तेही डोकं, मान व धड एका रेषेत ठेवून, तिघाचौघांनी मिळून.

रुग्णालय निवडताना नुसतं जवळचं बघू नका. डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन कुठं आहे ते विचारा. सरकारी मोठी ठिकाणं म्हणजे छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेड-विष्णुपुरीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, शिवाय प्रत्येक जिल्ह्याचं सिव्हिल.

२०२५ च्या मे महिन्यापासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी पोलिसांकडं अपघाताची नोंद लागते. रुग्णालयात गेल्या गेल्या "हा रस्ते अपघात आहे, एमएलसी करा" असं स्पष्ट सांगा. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची रुग्णालयातली नोंद. पुष्कळ घरचे लोक पोलिसांचं लचांड नको म्हणून "जिन्यावरून पडला" असं सांगतात. तो एक शब्द केसपेपरवर चढला की पुढं नुकसानभरपाईच्या दाव्यात समोरचा वकील तोच कागद उचलून धरतो.

तुम्ही दुसऱ्याच्या अपघातात मदतीला थांबला असाल तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पोलीस तुम्हाला साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, रुग्णालय तुमच्याकडं पैसे मागू शकत नाही.

४. गर्दी चिडलेली असेल तर

कायद्यानं चालकानं थांबायचं असतं, जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात. पण जमाव अंगावर येत असेल तर यातून सूट आहे, हे कलम १३४ मध्येच लिहिलेलं आहे. अशा वेळी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. निघतानाच ११२ ला फोन करून "जखमी अमुक ठिकाणी आहे, मी अमुक ठाण्याकडं निघालोय" असं सांगा. तो फोन म्हणजे तुम्ही पळाला नाहीत याचा पुरावा. घरी जाऊन, वकिलाशी बोलून, दुसऱ्या दिवशी हजर व्हायचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नका.

५. फोटो: गाडी हलवण्याआधी

नवखा माणूस फक्त चेपलेल्या भागाचा फोटो काढतो. पोलिसांना आणि सर्व्हेअरला (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस) गाडी रस्त्यावर कुठं होती ते हवं असतं.

आधी २०-२५ पावलं मागं जाऊन दोन्ही वाहनं, दोन्ही कडा आणि पांढरा पट्टा एकाच फोटोत घ्या. तसाच समोरून एक. मग ब्रेक मारल्याच्या टायरच्या खुणा, काचा पडलेली जागा, खड्डा असेल तर खड्डा, किलोमीटरचा दगड. दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेट, विंडस्क्रीनवरचे स्टिकर. शेवटी नुकसान, जवळून. एक मिनिटाचा सलग व्हिडिओही काढा. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा.

गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरला मागून धडक बसली असेल तर ट्रॉलीची मागची बाजू नीट टिपा. रिफ्लेक्टर होता का, लाल दिवा होता का, ऊस किती बाहेर आलेला होता. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो, दोन्ही घ्या. दोन ट्रॉल्या असतील तर तिन्ही. अर्ध्या तासात ट्रॉली सोडवून दुसरा ट्रॅक्टर ती कारखान्याकडं ओढून नेतो, आणि मग मागं काय होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

माणूस दगावला असेल किंवा गंभीर जखमी असेल तर पोलीस येईपर्यंत गाडी हलवू नका. रस्ता अगदीच अडत असेल आणि हलवावीच लागली, तर चारही चाकांच्या जागेवर खडूनं किंवा विटेच्या तुकड्यानं खुणा करा, फोटो काढा, मग हलवा.

समोरच्याचं नाव, फोन, लायसन, विमा लिहून घ्या. तो देत नसेल तर गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपवर विम्याची मुदत दिसते. पाहिलेल्या दोघातिघांचे नंबर घ्या. शेजारच्या शेतातला किंवा फाट्यावरच्या हॉटेलातला माणूस साक्षीला चांगला, कारण तो पुढंही तिथंच सापडतो. हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर कॅमेरा असेल तर पोलिसांना त्याच दिवशी सांगा, कारण जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

धडक रोही (नीलगाय) किंवा रानडुकराला बसली असेल तर जनावराला हात लावू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गाडीचं नुकसान पूर्ण विम्यात मिळतं, फक्त जनावर आणि गाडी एका फोटोत यायला हवेत.

६. पोलीस ठाणे

चालकानं २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कुणी जखमी असेल तर गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात: बेदरकार चालवण्यासाठी २८१, दुखापतीसाठी १२५, मृत्यू झाल्यास १०६. फक्त गाडीचं नुकसान असेल तर बहुतेक वेळा स्टेशन डायरीत नोंद घेतात. नोंदीचा क्रमांक आणि तारीख ठाणे अंमलदाराकडून लिहून घ्या.

हद्दीचा घोळ नेहमी होतो. दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, उदाहरणार्थ बीड आणि धाराशिवच्या मधल्या पट्ट्यात, एक ठाणं दुसऱ्याकडं पाठवतं. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यावीच लागते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

फिर्यादीवर सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा. चार गोष्टी बोट ठेवून तपासा: गाडीचा नंबर, वेळ, दिशा आणि गाडी कोण चालवत होतं. "लातूरकडून नांदेडकडे" च्या जागी उलटं लिहिलं गेलं तर पंचनाम्याचा नकाशा आणि फिर्याद जुळत नाही. समोरच्या गाडीचा अर्धाच नंबर दिसला असेल तर तो अर्धाच लिहा, रंग आणि मॉडेलसकट. "अज्ञात वाहन" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

आता सगळ्यात मोठा सापळा. गाडी लायसन नसलेला पुतण्या चालवत होता, आणि घरचे म्हणतात "काकाचं नाव लावू". असं कधीही करू नका. टोलचा कॅमेरा, मोबाईलचं लोकेशन, जखमीचा जबाब, कुठून ना कुठून ते उघडं पडतं. मग क्लेम तर जातोच, वर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दोघांच्याही मागं लागतो.

७. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा

पॉलिसीवर असलेल्या टोल फ्री नंबरवर किंवा ॲपवर कळवा आणि क्लेम नंबर घ्या. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही.

तुमच्याकडं फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळणार नाही, पण समोरच्याच्या भरपाईची जबाबदारी कंपनीवर असल्यानं कळवायचं तरीही. पूर्ण विमा असूनही क्लेम नाकारला जातो, त्याची नेहमीची कारणं अशी:

- चालकाचं लायसन मुदतबाह्य, किंवा त्या प्रकारच्या वाहनाचं नाही.
- चालक दारू प्यायलेला. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम.
- पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्यानं. तुळजापूर, शिर्डी, लग्नाचं वऱ्हाड. "डिझेलचे पैसे घेतले फक्त" हे प्रवाशानं जबाबात सांगितलं की संपलं.
- जुनी गाडी घेतली, आरसी नावावर झाली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावानं. खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीकडं अर्ज करून ती बदलून घ्यावी लागते.
- सीएनजी किट नंतर बसवलं आणि आरसीवर व पॉलिसीवर चढवलंच नाही.

८. गाडी चालवत न्यायची की टोचन करून?

आधी वाकून खाली बघा. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर चिंता नाही. हिरवं किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट, रेडिएटर फुटला. काळपट चिकट म्हणजे इंजिन ऑईल, चेंबर (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) फुटला. पिवळसर पातळ द्रव चाकाच्या आतून येत असेल तर ब्रेक ऑईल. यातलं काहीही असेल तर गाडी सुरूच करू नका. ऑईल नसताना दोन किलोमीटर चालवली तरी इंजिन जाम होतं, आणि कंपनी म्हणते की चेंबर अपघातात फुटला पण इंजिन तुम्ही चालवल्यामुळं गेलं. चेंबरचे पैसे मिळतात, इंजिनचे नाहीत, आणि खर्च इंजिनचाच मोठा असतो. पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारणंही यातच आलं.

टोचनवाल्याला बोलावण्याआधी पॉलिसीत रोड साईड असिस्टन्स आहे का बघा. नसेल तर भाडं आधी ठरवा, पावती घ्या, आणि कुठल्या गॅरेजला न्यायची ते तुम्ही सांगा. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढू देऊ नका, फ्लॅटबेडवर चढवायला लावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या साईडपट्टीत गाडी रुतली असेल तर जॅकखाली फळी किंवा सपाट दगड घाला. नाहीतर जॅकच मातीत जातो आणि गाडी कलंडते.

रस्त्याकडेला गाडी रात्रभर एकटी सोडू नका. टायर, बॅटरी चोरीला गेली तर ती अपघाताच्या क्लेममध्ये बसत नाही.

९. सर्व्हे आणि गॅरेज

सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक बोल्टसुद्धा खोलू देऊ नका. एस्टिमेट बनवून घ्या, क्लेम फॉर्म स्वतः भरा. कोऱ्या फॉर्मवर सही मागणारं गॅरेज असेल तर नम्रपणे नकार द्या. गाडी खोलल्यावर आत आणखी नुकसान निघालं तर गॅरेजवाल्याला सर्व्हेअरला पुन्हा बोलवायला सांगा. बदललेले जुने पार्ट शेवटची पाहणी होईपर्यंत गॅरेजमध्येच राहू द्या.

किती पैसे मिळतील याचा अंदाज आधीच काढा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर ५० टक्के घसारा (पार्ट जुना झाल्याबद्दलची कपात) कापतात. काचेवर काही कापत नाहीत. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५ आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीला २,००० रुपये तुम्हीच भरायचे. झीरो डेप हे जादा कव्हर घेतलं असेल तर घसारा वाचतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस धरतात.

१०. छोट्या कामासाठी क्लेम घ्यायचा का?

हिशोब करूनच ठरवा. समजा चार वर्षं जुनी छोटी गाडी, बंपर ४,००० चा, रंगकाम ३,००० चं. बंपरवर ५० टक्के घसारा, उरले २,०००. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा म्हणजे ७५० रुपये रंगाचं सामान धरतात आणि त्यावर निम्मी कपात, म्हणून तिथं मिळतात २,६२५. एकूण ४,६२५, त्यातून १,००० वजा. हातात ३,६२५.

आता दुसरी बाजू. तुमचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० असेल आणि ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात सूट) असेल तर तुम्ही ४,००० भरता. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, हप्ता ८,०००. नंतर २०, २५, ३५, ४५ टक्के असा चढत तो पुन्हा ५० वर येतो. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तर जादा भरलेले पैसे: ४,००० + २,४०० + २,००० + १,२०० + ४०० = १०,०००. साडेतीन हजारांसाठी दहा हजार घालवायचे नसतील तर बंपर खिशातून करा. बोनस प्रोटेक्शनचं कव्हर असेल तर गणित बदलतं.

११. गाडी ठाण्यात जमा असेल तर

जप्ती पंचनाम्यात स्टेपनी, म्युझिक सिस्टिम, किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. मग आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी होते. ती झाली की ठाण्यातून बंधपत्रावर गाडी मिळू शकते. नाहीतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं सुपूर्दनाम्यासाठी, म्हणजे गाडी ताब्यात मिळण्यासाठी, अर्ज करायचा. आरसी, विमा, लायसन, आधार आणि जामीनदार लागतो. विमा संपलेला असेल तर कोर्ट तारण मागतं, आणि तिथं गाडी अडकून पडते.

१२. जखमी किंवा मृताच्या वारसांचा दावा

दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयात चालतो. अपघात झाला तिथं किंवा दावेदार राहतो तिथं, दोन्हीकडं दाखल करता येतो. परभणीच्या माणसाचा अपघात सोलापुरात झाला म्हणून दर तारखेला सोलापूरला जायची गरज नाही. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तेवढ्यात दाखल कराच.

धडक देणारं वाहन सापडलंच नाही तरी मदत आहे: मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. हा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात होतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं जा. दवाखान्यातच गाठून टक्केवारीवर केस मागणाऱ्यांच्या कागदावर त्या अवस्थेत सही करू नका. स्वतःच्या मृत्यूसाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत असतो. घरच्यांना तो माहीतच नसतो, म्हणून आजच सांगून ठेवा.

विमा कंपनीनं क्लेम नाकारला किंवा लटकवला तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

लागणारे कागद

क्लेमसाठी: भरलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, चालकाचं लायसन, एस्टिमेट आणि शेवटचं बिल, पॅन-आधार, रद्द केलेला चेक, आणि कुणी जखमी असेल तर एफआयआर व घटनास्थळ पंचनामा.

दाव्यासाठी त्यावर आणखी: एमएलसी आणि डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, अपंगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा. शेतकऱ्याकडं पगारपत्रक नसतं, तेव्हा सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, आडतीच्या पट्ट्या, दूध डेअरीचं पुस्तक जोडा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद.

गाडीत कायम असू द्या

आरसी, लायसन, विमा, पीयूसी डिजीलॉकरमध्ये चालतात, पण फोन फुटला तर काहीच दाखवता येत नाही, म्हणून एक झेरॉक्स संच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. सोबत कंपनीचा टोल फ्री नंबर आणि घरच्या दोन नंबरांची चिठ्ठी, कागदावर, हातानं लिहिलेली. लाल रिफ्लेक्टर, टॉर्च, स्वच्छ सुती कापड, खडू, फूटभर लांबीची फळी. रिफ्लेक्टर आणि टॉर्च डिक्कीत टाकू नका, ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा. मागून धडक बसली की डिक्की उघडतच नाही.